गेटबाहेर काढलं म्हणून जबाबदारी सुटत नाही

लघुउद्योजकांच्या आणि एचआरवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: कामगार नशेत वाटला तर मालकाने किंवा सुपरवायझरने मध्ये पडू नये. काय प्यायचं हा त्याचा खासगी प्रश्न. तुम्ही काही डॉक्टर नाही. हटकलंत तर युनियन अंगावर येईल, अब्रुनुकसानीची केस होईल. अगदीच तोल जात असेल तर सिक्युरिटीला सांगून गेटबाहेर काढा, दिवस कापा, विषय संपला. आणि पिणारा कधी सुधारत नाही, तेव्हा त्याच्यावर वेळ-पैसा घालवू नका.

मी पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांमध्ये सुरक्षेचं काम करते. हा मेसेज मला मालकांनी पाठवला, सुपरवायझरांनीही पाठवला, ‘मॅडम, बरोबर लिहिलंय की नाही?’ असं विचारत. बरोबर लिहिलेलं नाही. पण प्रत्येक मुद्द्यात खरेपणाचा अंश आहे आणि त्यामुळेच तो लोकांना पटतो. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘पिणं हा त्याचा खासगी प्रश्न आहे’

घरी, सुट्टीच्या दिवशी, लग्नाच्या वरातीत तो काय पितो याच्याशी कंपनीचा काडीचा संबंध नाही. कोणी त्याचे फेसबुकवरचे फोटो काढून दाखवत असेल तर त्या माणसालाच समज द्यावी. पण पॉवर प्रेसचा, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्राचा, पेडल दाबणाऱ्याच्या समोर हेल्परचा हात असतो. फोर्कलिफ्टच्या मागून चहा घेऊन पोरगा चाललेला असतो. ज्याच्या कामात दुसऱ्याचा जीव अडकलेला आहे, त्याची त्या घटकेची शुद्ध हा त्याच्या एकट्याचा प्रश्न राहत नाही. आपल्याकडे वैमानिकाला उड्डाणाआधीचे १२ तास दारू वर्ज्य आहे आणि श्वासचाचणीत पहिल्यांदा सापडला तर त्याचा परवाना ३ महिन्यांसाठी निलंबित होतो. रेल्वेचा लोको पायलट कामावर रुजू होताना श्वासचाचणी देतो. दोन्हीकडे हे रोजचं काम म्हणून चालतं, त्यात कोणाला अपमान वाटत नाही.

‘तुम्ही डॉक्टर नाही’

खरं आहे. मीही नाही. पण या वाक्यातून मेसेज लिहिणाऱ्याने काढलेला निष्कर्ष नेमका उलटा आहे. आपण डॉक्टर नाही, म्हणूनच ‘हा प्यायलाय’ असं ठरवून माणसाला बाहेर काढायचा अधिकार आपल्याला नाही. आणि आपण डॉक्टर नाही, म्हणूनच त्याला डॉक्टरपर्यंत पोचवणं आपल्यावर येतं.

एका कारखान्यातली गोष्ट सांगते. सेकंड शिफ्ट, संध्याकाळची वेळ. प्रेस शॉपमधला पन्नाशीचा ऑपरेटरला जॉब, म्हणजे पत्र्याचा तुकडा, डायमध्ये, म्हणजे साच्यात, नीट बसवता येईना. शर्ट घामाने चिंब, हात थरथरतायत, काही विचारलं की भलतंच उत्तर, तेही चिडून. सुपरवायझर म्हणाला, ‘टाकून आलाय. गेटपास बनवू का?’ त्याला मशीनवरून बाजूला घेतलं, खुर्चीवर बसवलं आणि फर्स्ट एडच्या पेटीतल्या ग्लुकोमीटरने साखर तपासली. ४४ आली. ७० च्या खाली गेली की ती कमी धरतात. ४४ ला मेंदूला पुरेसं इंधनच मिळत नसतं. संकष्टीचा उपवास होता, सकाळी सवयीने डायबेटिसची गोळी घेतली होती आणि दिवसभरात पोटात फक्त चहा गेला होता. शुद्धीवर होता, गिळता येत होतं, म्हणून पाण्यात चार चमचे साखर कालवून पाजली. थोड्या वेळाने त्याने विचारलं, ‘माझ्या मशीनवर कोण आहे?’ तरीही त्याला दवाखान्यात नेलं, कारण त्या प्रकारच्या गोळीचा असर बराच वेळ टिकतो आणि साखर पुन्हा खाली येते. गेटपास बनला असता तर तो त्याच अवस्थेत मोटरसायकलला किक मारून चाकणच्या रस्त्यावर, ट्रेलरांच्या रांगेत शिरला असता.

बोबडं बोलणं, झोकांडी, घाम, चिडचिड, गोंधळ ही फक्त दारूची लक्षणं नाहीत. पक्षाघाताची सुरुवात अशीच दिसते, आणि त्यात गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. सकाळी येताना गाडीवरून पडून डोक्याला मार लागलेला माणूस दोन-तीन तास नीट काम करतो आणि मग बरळायला लागतो. सर्दीच्या साध्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन झोप आणतं. मे महिन्यात फर्नेसजवळ काम करणाऱ्याला उष्माघात झाला तरी तो दारुड्यासारखाच वागतो. रोज पिणाऱ्याने रविवारी निश्चय करून दारू बंद केली असेल, तर सोमवारी त्याचे हात कापतात ते न प्यायल्यामुळे. आणि तेव्हा त्याला फिटही येऊ शकते.

पेंट बूथबद्दल, म्हणजे रंग फवारण्याच्या बंदिस्त खोलीबद्दल, जरा थांबून बोलायला हवं. थिनरमधलं टोल्यूइन आणि झायलिन यांची वाफ सरळ मेंदूवर परिणाम करते. एक्झॉस्टचा फिल्टर रंगाने चोंदला असेल तर आतला माणूस तासाभरात डुलायला लागतो, उगाच हसतो, जीभ जड होते. त्याला ‘पिऊन आलाय’ म्हणून गेटबाहेर काढलंत, तर पुढच्या पाच मिनिटांत तुम्ही दुसऱ्या माणसाला त्याच बूथमध्ये पाठवता. इथे नशा कंपनीने दिलेली असते.

तोंडाला वास आला म्हणजे उलगडा झाला, असंही समजू नका. प्यायलेल्या माणसालाही डोक्याला मार लागतो, त्याचीही साखर उतरते. उलट वास आल्यावर पुढे कोणी तपासत नाही, म्हणून त्याला धोका जास्त.

आणि झोप. पिणाऱ्याबद्दल तावातावाने बोलणारे मालक डबल शिफ्टबद्दल अवाक्षर काढत नाहीत, याचा मला राग आहे. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी ‘नेचर’मध्ये मोजमाप मांडलं होतं: सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचा हात-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतका घसरतो, आणि २४ तासांनी ०.१० टक्के असल्याइतका. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. सेकंड शिफ्ट करून रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आला नाही म्हणून नाईटही ओढणारा माणूस पहाटे चार वाजता त्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे असतो. त्याने थेंबही घेतलेला नसतो. त्याला ‘आजची रात्र काढ, रिलीव्हर नाही’ असं आपणच सांगितलेलं असतं. डिस्पॅचच्या घाईत ते ऐकणारा सुपरवायझर आणि ते सांगणारा प्लांट हेड या दोघांनाही हा हिशेब माहीत असायला हवा.

‘मध्ये पडलात तर केस होईल’

केस हस्तक्षेप केल्यामुळे होत नाही, आरोप केल्यामुळे होते. ‘तू दारू पिऊन आलायस’ हे चार जणांसमोर ओरडून सांगणं वेगळं, आणि ‘तुझा तोल जातोय, मशीन बंद कर, माझ्याबरोबर चल’ हे बाजूला घेऊन सांगणं वेगळं. दुसऱ्या वाक्यावर कोणती युनियन भांडेल? उलट बहुतेक वेळा युनियनचा प्रतिनिधीच मदतीला येतो, फक्त त्याला पहिल्या मिनिटाला बोलवायला हवं, सस्पेन्शनची नोटीस टाइप झाल्यावर नव्हे.

महाराष्ट्राच्या नमुना स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या सरकारी नमुना नियमांत, कारखान्याच्या आवारात दारूच्या नशेत असणं हे गैरवर्तन धरलेलं आहे, त्यामुळे कारवाईचा अधिकार कंपनीला आहेच. प्रश्न पुराव्याचा असतो. १९७१ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका फौजदारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की तोंडाला वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणं आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस दारू प्यायला होता असा निष्कर्ष काढता येत नाही, रक्त किंवा लघवीची तपासणी लागते. कंपनीच्या चौकशीत इतका कडक पुरावा लागत नाही, हे मान्य. तरी सिक्युरिटी गार्डच्या ‘वास येत होता’ या एका ओळीवर माणसाची वीस वर्षांची नोकरी घालवणाऱ्यांनी तो निकाल लक्षात ठेवावा.

म्हणून डोळ्यांना जे दिसलं ते लिहा. ‘४.१० वाजता दोनदा तोल गेला, स्वतःचा टोकन नंबर सांगता आला नाही, उजव्या हाताची पकड सुटत होती.’ खाली दोघांच्या सह्या. ‘मद्यधुंद अवस्थेत आढळला’ हे वाक्य त्या कागदावर नको. ते निदान आहे आणि निदान तुमचं काम नाही. ब्रेथ अ‍ॅनलायझर वापरायचा असेल तर तसा नियम आधी लेखी हवा, सगळ्यांना माहीत हवा आणि मॅनेजरलाही लागू हवा. माउथवॉशने किंवा नुकत्याच प्यायलेल्या औषधाने आकडा फुगतो, म्हणून पंधरा मिनिटं थांबून पुन्हा चाचणी घ्या. कामगार बाई असेल तर बरोबर बाई हवीच. खिसे आणि डबे उचकटण्याची काही गरज नसते.

‘गेटबाहेर काढा, विषय संपला’

या एका सल्ल्यासाठी हा सगळा लेख लिहायला घेतला. माणूस शुद्धीवर नाही असं तुम्हीच ठरवलंत, आणि मग त्याच्या हातात गाडीची किल्ली देऊन त्याला हायवेवर सोडलंत. यात सुरक्षित कोण झालं? तो नाही, रस्त्यावरचे लोक नाहीत. कंपनीसुद्धा नाही.

अनेकांचा समज असतो की कामगार प्यायलेला होता हे दाखवलं की भरपाई द्यावी लागत नाही. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात नशेमुळे झालेल्या इजेसाठी मालकाला सूट होती खरी, पण त्याच कलमात स्पष्ट म्हटलं होतं की मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ती सूट नाही. त्याच्या जागी २०२५ मध्ये लागू झालेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे तसंच आलं आहे. म्हणजे बोट तुटलं तर तुम्ही ‘प्यायला होता’ म्हणून वाद घालू शकता, माणूस गेला तर नाही. कामगार ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, असेल तर पैसे तिथून मिळतात. पण ठेकेदाराची जी पोरं ईएसआयच्या कागदावरच नसतात, त्यांच्या बाबतीत हे थेट मालकाच्या दारात येतं, कारण कंत्राटी कामगाराची भरपाई आधी मूळ मालकाकडून वसूल होऊ शकते आणि मग त्याने ती ठेकेदाराकडून घ्यायची असते. ‘तुझ्या ठेकेदाराला सांग’ हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही. कामावरून घरी जातानाचा अपघातही ईएसआय कायद्याने २०१० मध्ये कामाशी जोडला, वेळ, जागा आणि परिस्थितीचा नोकरीशी संबंध दिसत असेल तर.

कायद्याचं सोडा. काढायचं ते मशीनवरून काढा. माणसाला एकटं सोडू नका. बसवा, साखर तपासा, चेहरा वाकडा झालाय का, दोन्ही हात वर उचलता येतात का ते पाहा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. ‘झोपू द्या, उतरेल’ असं म्हणून स्टोअरच्या मागे गोणपाटावर टाकून देऊ नका. जास्त प्यायलेला माणूस झोपेत उलटी श्वासनलिकेत जाऊन मरतो. डॉक्टरने नुसती नशा आहे असं सांगितलं, तरी घरी पोचवायला कोणीतरी बरोबर जायला हवं आणि गाडीची किल्ली टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरी-पगार बघणाऱ्या कचेरीत, राहायला हवी. हे सगळं करायला एक ग्लुकोमीटर, एक रिक्षा किंवा कंपनीची गाडी आणि एक शहाणा सहकारी लागतो. शिस्तीची कारवाई दुसऱ्या दिवशी, तो शुद्धीत असताना.

‘पिणारा सुधारत नाही’

हे ज्यांना खरं वाटतं त्यांनी पुण्यात येरवड्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात एकदा जाऊन यावं. १९८६ पासून ते केंद्र चालू आहे, आणि नोकरी वाचावी म्हणून तिथे आलेली माणसं पुढे वर्षानुवर्षं कोरडी राहिलेली मी पाहिली आहेत. सगळे राहत नाहीत. काही पुन्हा घसरतात, पुन्हा येतात. पण माझ्या पाहण्यात, बायकोच्या रडण्याने जो माणूस हलला नाही तो नोकरीच्या भीतीने आणि नोकरीच्या आशेने हलला. भीती आणि आशा दोन्ही लागतात. नुसतं काढून टाकलं तर पिण्यापासून रोखणारं शेवटचं कारणही जातं.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६. हे दोन आकडे कँटीनच्या भिंतीवर, पाण्याच्या कूलरशेजारी लावा. फक्त नोटीस बोर्डावर लावले तर कोणी बघताना दिसू नये म्हणून त्या बाजूला फिरकणार नाही. उपचाराला गेलेल्या दिवसांची रजा काय धरायची, ते आधी ठरवून लिहून ठेवा. ईएसआयमध्ये असेल तर आजारपणाचा लाभ मिळतो का ते टाइम ऑफिसने त्याच्या वतीने विचारावं, त्याला खेपा घालायला लावू नये. कुठे गेला होता हे फोरमन आणि एचआर सोडून कोणाला कळायचं कारण नाही. परत आल्यावर पहिले काही आठवडे त्याला प्रेसवर न लावता पॅकिंगला किंवा स्टोअरला द्या, पगार तोच ठेवा, आणि नाईट देऊ नका.