कार्ड गिळलं? घाई करू नका

बियाण्याचा, औषधाचा माल भरपूर उचलला की कंपनी कृषी केंद्रवाल्यांना थायलंड दाखवून आणते, हे दारव्हा-दिग्रसकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तेव्हा पट्टायात रात्री दहाला एटीएमनं तुमचं कार्ड गिळलं तर गांगरू नका. आधी मशीनला दोन बुक्क्या हाणा. आपल्या विहिरीवरचा स्टार्टर याच उपायानं चालू होतो.

तिथली पुष्कळ मशिनं आधी नोटा देतात, मग कार्ड. तुम्ही थुंकी लावून नोटा मोजल्या, एकेक उजेडाला धरून पाहिली, तोवर कार्ड बाहेर येऊन, वाट पाहून परत आत गेलं. मागं राहिलेलं कार्ड भलत्याच्या हाती पडू नये म्हणून केलेली ही सोय. तुम्ही मात्र याला चोरीच म्हणा, बरोबरच्या मंडळींतही वजन राहतं.

एखादा आगाऊ सांगेल, ‘भाऊ, पयले कार्ड ब्लॉक करा.’ मुळीच करू नका. कस्टमर केअरचा नंबर कार्डाच्या मागं छापलेला, आणि कार्ड आत. ॲपवरून करावं तर खात्याला जोडलेला मोबाइल तुमचा थोडाच आहे? फॉर्म पुतण्यानं भरला, नंबरही स्वतःचाच टाकला. थायलंडचं घड्याळ आपल्या दीड तास पुढं, म्हणजे गावात साडेआठ. पुतण्या जेवून वावरात गेलेला, कारण या हप्त्यात लाईन रात्रीची आणि हरभऱ्याचं ओलीत खोळंबलेलं. फोनला रेंज फक्त मचाणावर. तो खाली चिखलात पाइप ओढतोय. तासाभरानं फोन लागतो तेव्हा म्हणतो, ‘काका, दोन ओटीपी येऊन राह्यले, कोणता सांगू?’ दोन्ही जुने झालेले.

रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात आहे की ग्राहकाच्या हलगर्जीनं पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे तुमच्या एका फोननं बिचाऱ्या बँकेला भुर्दंड! इतकं स्वार्थी होणं आपल्याला शोभत नाही.

त्यापेक्षा सकाळी ज्या बँकेचं मशीन, तिच्या दारात जाऊन बसा. परक्या बँकेचं अडकलेलं कार्ड सहसा नष्टच करतात, पण हट्ट सोडू नका. ते पासपोर्ट मागतील. तो टूरवाल्याच्या बॅगेत, आणि टूरवाला बाकीच्यांना घेऊन कोरल आयलंडच्या बोटीत.

गावी आल्यावर शाखेत जा. पीककर्ज, केवायसी आणि पासबुकाच्या रांगांतून पुढं सरकत खिडकीशी पोचलात की साहेब मान वर न करता म्हणतील, ‘जुनं कार्ड जमा करा.’ ते पट्टायात आहे म्हटलं तर, ‘मग हरवल्याचा दाखला आणा.’ ठाण्यात सांगतील, ‘हद्द आमची नाही जी.’ चहा मात्र पाजतील.

नवं कार्ड येईल पोस्टानं. 2020 पासूनच्या नियमानं त्यावर परदेशातला वापर बंदच असतो. तो आपण चालू करून घ्यायचा. मागल्या खेपेला पुतण्यानं करून दिला होता. यंदा त्याला सांगूच नका. पुढच्या हंगामात कंपनीनं दुबईला नेलं की खुशाल कार्ड घाला. पैसे निघणार नाहीत, पण कार्ड लगेच बाहेर येईल.