सकाळी बर्फ पडला नाही म्हणून

बॉस्टनच्या १९७८ च्या हिमवादळाची आठवण निघाली, की बहुतेक जण मोकळ्या रस्त्यांवरून स्की करत निघालेल्या माणसांविषयी, घसरगाडीवर सामान लादून ओढत आणणाऱ्या शेजाऱ्यांविषयी आणि अचानक मिळालेल्या आठवडाभराच्या सुट्टीविषयी बोलू लागतात. त्या आठवणी खऱ्या आहेत आणि त्यांतल्या काही माझ्याही आहेत. परंतु त्या वादळाची पहिली रात्र मी रूट १२८ या बॉस्टनभोवतीच्या महामार्गावर गाडीत अडकून काढली, त्यामुळे त्याला सुट्टी म्हणणे मला जमत नाही, आणि दर फेब्रुवारीत ते तसे सांगितले जाते तेव्हा मनाला लागते.

तो ६ फेब्रुवारीचा सोमवार होता. मोठा बर्फ येणार असल्याचा इशारा आधीच मिळाला होता आणि पहाटेपासूनच त्याला सुरुवात होईल असे सांगितले गेले होते. प्रत्यक्षात सकाळी उठून पाहिले तर रस्ते कोरडे होते. जेमतेम अडीच आठवड्यांपूर्वीच बॉस्टनमध्ये २१ इंच बर्फ पडून गेला होता. त्याचे ढिगारे अजून रस्त्याच्या कडेला होते आणि बर्फ या शब्दाचाच सर्वांना कंटाळा आला होता. अंदाज चुकला असे आम्ही ठरवून टाकले आणि हजारो लोक नेहमीप्रमाणे कामावर गेले, त्यांत मीही होतो. वास्तविक अंदाज चुकलेला नव्हता, वादळ काही तास उशिरा आले होते एवढेच. मला वाटते, पुढे जे घडले त्यातले बरेचसे त्या कोरड्या सकाळीच ठरून गेले होते.

बर्फ सुरू झाला तेव्हा आम्ही कार्यालयात होतो. बघता बघता समोरचा वाहनतळ दिसेनासा झाला. आमच्या वरिष्ठांनी दुपारपर्यंत कोणालाही सोडले नाही, याचा राग माझ्या मनात कित्येक वर्षे होता. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर निघू द्या असे म्हणायला आम्हीही कोणी पुढे झालो नव्हतो. शेवटी सोडले तेव्हा त्या पट्ट्यातील बहुधा सगळ्याच कार्यालयांनी एकाच वेळी सोडले. तासाला दोन इंचांच्या आसपास बर्फ पडत असताना एवढ्या गाड्या एका महामार्गावर आल्या, त्यात काही मालट्रक आडवे झाले आणि त्यांच्या मागे सगळे थांबले. रस्ता साफ करणारे प्लाऊ गाड्यांच्या मधून जाणार तरी कसे? तेही रांगेतच अडकले. रूट १२८ वर सुमारे ३,००० मोटारी आणि ५०० ट्रक बर्फात रुतून बसले, हा आकडा मला नंतर कळला. त्या वेळी मला फक्त पुढच्या गाडीचे दोन लाल दिवे दिसत होते आणि अंधार पडल्यावर काही वेळाने तेही दिसेनासे झाले.

मी इंजिन चालू ठेवून हीटर लावला होता आणि काचा घट्ट बंद केल्या होत्या. वारा इतका होता की गाडी जागच्या जागी हलत होती. पायांत ऊब आली, डोके किंचित दुखू लागले आणि मग झोप येऊ लागली. दिवसभराच्या थकव्याची झोप असावी असेच मला वाटले. तेवढ्यात खिडकीवर जोरात काहीतरी आदळले. बाहेर एक ट्रकचालक उभा होता, भुवयांवर बर्फ गोठलेला, हातात फावडे. त्याच फावड्याच्या दांड्याने तो काच ठोकत होता. मी काच खाली केली, तर तो ओरडून म्हणाला, इंजिन बंद कर, आधी बंद कर. मग तो मला गाडीच्या मागे घेऊन गेला. सायलेन्सरची नळी बर्फात पूर्ण गाडली गेली होती. बाहेर जायला वाट न मिळालेला धूर गाडीखाली कोंडून हळूहळू आत शिरत होता. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. रक्तात ऑक्सिजनने जी जागा घ्यायची ती तो अडवून बसतो आणि माणसाला फक्त झोप आल्यासारखे वाटते. त्या रस्त्यावर चौदा माणसे अशाच धुराने गाड्यांमध्ये मेली. तो गृहस्थ एकेक गाडी ठोकत पुढे निघून गेला, आणि मी त्याला त्याचे नावही विचारले नाही.

उजाडल्यावर आम्ही काही जण एकमेकांचे कोट धरून नीडहॅममधल्या एका चर्चपर्यंत चालत गेलो. आत बाकांवर, बाकांखाली, वेदीच्या पायऱ्यांवर माणसे झोपली होती, आणि गरम पाण्याच्या नळ्यांजवळ ओल्या बुटांची रांग लागली होती. गावातील लोक बर्फातून चालत येऊन सूप आणि पांघरुणे देत होते. मंगळवारी संध्याकाळी बर्फ थांबला तेव्हा बॉस्टनमधील नोंद २७.१ इंच होती. त्याच वेळी अमावास्येची मोठी भरती वादळी वाऱ्याबरोबर किनाऱ्यावर चढली होती आणि रेव्हिअर, हल, सिच्युएट येथे समुद्र घरांत घुसला होता. ईशान्येकडील राज्यांत मिळून सुमारे शंभर माणसे गेली.

मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांनी खासगी वाहनांवर घातलेली बंदी जवळजवळ आठवडाभर चालली. स्वेटर घालून ते रोज दूरचित्रवाणीवर येत आणि घरातच राहा असे सांगत. त्या बंदीवर तेव्हा पुष्कळ कुरकुर झाली; माझ्या मते तो त्या आठवड्यातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता, कारण रस्त्यावरच्या गाड्या निघाल्याखेरीज प्लाऊ चालू शकत नव्हते आणि रुग्णवाहिकाही. दुःख एवढेच, की तीच बंदी सोमवारी पहाटे, रस्ते कोरडे असताना कोणी घातली असती तर आम्ही सगळ्यांनी तिला वेडेपणा म्हटले असते. आजही वादळाच्या आधी शाळा बंद केल्या आणि बर्फ दोन तास उशिरा आला, की लोक हवामान खात्याला नावे ठेवतात. ते ऐकले की मला ती सकाळ आठवते.

या हिवाळ्यात एका मोठ्या बर्फानंतर समोरच्या घरातील तरुणाने लहान मुलीला गाडीत बसवून, तिला थंडी वाजू नये म्हणून इंजिन सुरू केले आणि स्वतः पुढच्या बाजूने बर्फ उपसू लागला. मागची बाजू बंपरपर्यंत गाडलेली होती. या वयात मला बर्फात भराभर चालता येत नाही, तरी मी रस्ता ओलांडून गेलो आणि आधी इंजिन बंद करायला लावले. मुलीला त्याने घरात नेऊन ठेवले. मग आम्ही दोघांनी मिळून सायलेन्सरची नळी मोकळी केली. ती पूर्ण मोकळी झाल्यावर मी खाली वाकून आत बोट घालून पाहिले.