आधी पोरीचा हात बघा, मग कोटेशन

आज सकाळी मेडिकलचं शटर वर करते न करते तोच वाडीतले एक भावोजी आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, दारात. बीपीच्या गोळ्या संपल्या असतील म्हणून मी खोक्यात हात घातला तर त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून काउंटरवर ठेवला. "वहिनी, जरा बघा, तुम्हाला यातलं कळतं." लेकीला पिस्तुल घ्यायचंय. पोरगी नववीत, मे महिन्यात शिबिरात टेन मीटर एअर पिस्तुल (दहा मीटरवरून हवेच्या दाबाने छर्रा मारायचा) खेळली, सर म्हणाले हात चांगला आहे, पुढे जाईल, आणि मागोमाग सरांनी कोटेशनही दिलं.

कागद वाचला आणि डोकंच फिरलं. वर इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं परदेशी पिस्तुल, दोन लाखांच्या पुढे. खाली पंप, पेटी, चष्मा, बूट, आणि शेवटच्या ओळीत "शूटिंग जॅकेट - १ नग". अहो जॅकेट! पिस्तुलवाल्याला! जॅकेट रायफलवाले घालतात, पिस्तुलात अंगाला आधार देणारं असलं काही चढवून गेलात तर मॅचच्या आधी सामान तपासणारे इक्विपमेंट कंट्रोलवालेच उतरवून ठेवतील. एक तर लिहिणाऱ्याला एवढंही माहीत नाही, नाहीतर माहीत असून लिहिलंय, आणि यातलं कुठलं जास्त वाईट ते तुम्हीच ठरवा.

बरं पैसे कुठून? कलमांना यंदा मोहोर आला तो अर्धा गळला, पतसंस्थेत शब्द टाकून ठेवलाय, तारणाला वहिनींच्या पाटल्या. हे मला अगदी सहज सांगितलं, जसं काही पोरीच्या फीचंच चाललंय.

मला राग भावोजींचा नाही आला हां. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमधे मनू भाकरने पिस्तुलात दोन ब्राँझ आणली, आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमधे आणलं, तेव्हापासून घराघरात हे सुरू आहे, आणि व्हावंच, का होऊ नये. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, सगळ्या नेमबाज घाटावरच्या, आणि आमच्या पोरांनी काय फक्त कबड्डी आणि ओव्हरआर्म क्रिकेटच खेळायचं का. (पनवेलला सुमा शिरूर यांची अकादमी आहे, माहीत आहे, पण रत्नागिरीवाल्याला पनवेल कोकणात धरवत नाही, सॉरी.) राग येतो तो या "सर" लोकांचा. ज्या पोरीने अजून धड दोन महिने स्टान्स (नेम धरायला उभं राहायची पद्धत) घेतलेला नाही तिच्या बापाला मेडलवाल्यांचं पिस्तुल विकायचं, मधलं कमिशन खायचं आणि वर्षभराने ते पिस्तुल ओएलएक्सवर.

मी शिकले ते आमच्या अण्णांकडे. अण्णा एनसीसीतून रिटायर झालेले, एका जुन्या गोडाऊनमधे चार लेन टाकल्या होत्या, टार्गेट ओढायला दोरी आणि रहाटाची चाकं. सगळ्यांत मिळून एक म्हातारं रशियन बायकल. त्याला आताच्या पिस्तुलांसारखा हवेचा सिलिंडर नाही, पंप नाही, खालचा दांडा पूर्ण पुढे खेचायचा आणि परत मिटवायचा की एका शॉटची हवा भरली. ग्रिप, म्हणजे मूठ, होती एखाद्या पहिलवानाच्या पंजाची. माझं बोट ट्रिगरला जेमतेम टेकायचं. अण्णांनी काय केलं, ती ग्रिप आमच्या गणपतीचा पाट करणाऱ्या सुताराकडे नेली, त्याने कानशीने जिथे तिथे घासली, मग अण्णांनी एम-सील मळून थापलं आणि मला म्हणाले धर, आणि ते सुकेपर्यंत सोडू नकोस. हात मेला पार. पण बोटांचे खड्डे पडले ते माझ्याच मापाचे.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, पहिल्या पिस्तुलात बघायची गोष्ट एकच, ग्रिप. ब्रँड नंतर. स्टायर, मोरिनी, पार्दिनी, वॉल्थर सगळी उत्तमच आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण मीडियम ग्रिप चौदा वर्षांच्या पोरीच्या हातात दिलीत तर दर शॉटला हात नव्याने बसवावा लागतो. दहा मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटनाएवढं. तिथे मनगट इकडचं तिकडे झालं की छर्रा आठात. ग्रिप स्मॉल, मीडियम, लार्ज अशी मिळते, उजवी-डावी वेगळी, आणि लाकडी असेल तर घासता येते. हे त्या कोटेशनमधे कुठे होतं? साइजचा रकानाच नव्हता! जॅकेट मात्र होतं.

दुसरं, कमी बजेटवाले सेकंडहँड बघतात, बरोबरच आहे, मी पण तेच सांगते. पण सिलिंडरवर कोरलेली तारीख बघा. दोनशे बारचं प्रेशर असतं त्यात, बनल्यापासून दहा वर्षं झाली की मॅचला चालत नाही, आणि नवा सिलिंडर म्हणजे स्वस्तातल्या सौद्याचा सगळा आनंद गेला. लोक पिस्तुलाची पॉलिश बघतात, नळीत डोळा घालून बघतात (घालू नका हो, आधी उघडून रिकामं आहे ना बघा), तारीख कुणी बघत नाही. भरायचा प्रश्न वेगळा. हातपंपाने दोनशे बार म्हणजे चांगलाच घाम निघतो. आपल्याकडे तारकर्लीच्या बाजूला स्कूबावाले आहेत, डायव्हिंगच्या टाकीवरून भरता येतं, फक्त हवा कोरडी हवी आणि अडॅप्टर बरोबर हवा.

आणि आपली हवा! दिल्लीतल्या माणसाने यूट्यूबवर सांगितलेलं इथे चालत नाही. जूनमधे कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे पिस्तुलाचं काय होत असेल. अण्णा रोज तेलाच्या फडक्याने नळी पुसायचे, मग स्टीलच्या डब्यात, आणि डब्यात माझ्या दुकानातल्या गोळ्यांच्या बाटल्यांतून निघालेल्या सिलिका जेलच्या पुड्या. मी मूठभर गोळा करून न्यायचे. छर्रेसुद्धा उघडे राहिले तर शिसं पांढरं पडतं. म्हणून मी तरी पहिल्याला मेकॅनिकल ट्रिगरच घ्या म्हणते. इलेक्ट्रॉनिक छान असतो, मऊ असतो, सगळं खरं, पण बिघडला तर इथे कोण बघणार, कुरियरने मुंबई-पुण्याला पाठवा आणि महिनाभर हात चोळत बसा. टोकियो ऑलिंपिकला ऐन क्वालिफिकेशनमधे मनूचं पिस्तुल बिघडलं होतं, आठवतंय ना? तिच्याबरोबर टीम होती, स्पेअर होतं. आमच्या पोरीबरोबर एसटीचा पास आहे.

आता कुणीतरी येईलच सांगायला, की जुन्या दांड्याच्या पिस्तुलावर कुणी स्टेटला जात नाही. मान्य. माझ्या वेळी बायकांना ४० शॉट असायचे, २०१८ पासून ६० झाले, प्रत्येक शॉटला दांडा ओढून खांदा जातो, पुढे सिलिंडरवालं लागतंच. पण पुढे! पहिल्या वर्षी नाही.

जिल्ह्याच्या मॅचला गेले तेव्हा बाकीच्यांची निळी-लाल पिस्तुलं पेट्यांतून निघत होती आणि माझ्याकडे एम-सीलचा गोळा. इक्विपमेंट कंट्रोलच्या माणसाने ते मापाच्या खोक्यात बसवून बघितलं, बसलं, ट्रिगरला पाचशे ग्रॅमचं वजन लावलं, उचललं, ट्रिगर सुटला नाही, आणि हसत परत दिलं. चारशेपैकी तीनशे चाळीसच्या वर मारले मी त्या दिवशी. काही ग्रेट नाही, पण शेजारच्या लेनमधल्या नव्या कोऱ्या पिस्तुलापेक्षा जास्त होते, आणि हो, एवढ्या वर्षांनीही मला ते सांगायला आवडतं.

अण्णांनी पहिले कित्येक महिने छर्रा दिलाच नाही. कोऱ्या भिंतीसमोर उभं करायचे, साइट बघ, ट्रिगर दाब, साइट हलली का बघ, परत. या छर्र्याशिवायच्या सरावाला, ड्राय फायरला, पैसा लागत नाही. छर्र्यांना लागतो, ५०० च्या डब्यातून मॅचचे साठ आणि सरावाचे थोडे धरले तर सातेक वेळात डबा रिकामा. हा खर्च कोटेशनमधे होता का? नव्हता. दोन लाखाचं पिस्तुल घेऊन छर्र्यांना पैसे उरले नाहीत की पोरगी ते पुसून कपाटात ठेवणार.

इनबॉक्समधे दर वेळी येतं म्हणून आत्ताच, लायसन लागत नाही. २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे .१७७ इंचापर्यंत बोअर (नळीचं भोक) आणि वीस जूलच्या आत ताकद असली तर नाही, दुकानदार ओळखपत्र, पत्ता घेतो तेवढंच. .३२ चं रिव्हॉल्व्हर घेऊन सुरुवात करू का विचारणाऱ्या दादालोकांना नमस्कार, ते कलेक्टर ऑफिसचं काम, माझं नाही. २०१४ ला कानपूरचं बायकांसाठीचं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर आलं, सव्वा लाखाच्या आसपास, तेव्हा आमच्या बचत गटात पण दोघींना हवं होतं, लायसनच्या फॉर्मची लांबी बघून विषय संपला. आणि काकालोकहो, नाही, वानरांवर चालवायला नाही. कवड्यांवर पण नाही. घरात लहान मूल असेल तर कुलपात, रिकामं, छर्रे वेगळे.

भावोजींना एवढंच म्हटलं, पाटल्या घरात राहू द्या, पोरीला रविवारी माझ्याकडे पाठवा, क्लबचं पिस्तुल आहे, वर्षभर त्यावर खेळू दे. ते थोडे हिरमुसले. सरांना काय सांगू म्हणाले. मी म्हटलं माझा नंबर द्या. वहिनी जाता जाता एवढंच बोलल्या, "ती रात्री पाण्याची बाटली हातात धरून उभी असते हो, भिंतीकडे तोंड करून." कुणी न सांगता! मग मात्र माझा सगळा राग उतरला आणि दुपारपर्यंत मी तिच्याच हाताचा विचार करत बसले, गिऱ्हाईकाला सुट्टे द्यायला पण विसरले.

तर शूटिंगवाले मित्रमैत्रिणींनो, कुणाकडे उजव्या हाताची स्मॉल लाकडी ग्रिप पडून असेल, जुनी चालेल, घासलेली चालेल, तर सांगा. पैसे देईन, फुकट नको. सिलिंडरवालं पूर्ण पिस्तुलच विकायचं असेल तर फोटोत तारीख दिसू द्या, आणि जॅकेट बरोबर फ्री वगैरे लिहू नका, आज मूड नाही.