फूटभर स्नो पडला, तरी ट्रेल बंद: क्लबवाले झोपलेले नाहीत

डिसेंबर लागला की कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरायला लागतो. यंदा तो माझ्याकडे चार जणांकडून आला. थोडक्यात असा: "फूटभर बर्फ पडलाय, तरी स्नोमोबिलचे ट्रेल बंद. ग्रूमर शेडमध्ये उभे आहेत. स्नोमोबिलचा भार माणसाच्या पावलापेक्षा कमी, जमिनीला काही होत नाही. वर कोक्रेनला ट्रेल चालूसुद्धा झाले. परमिटचे पैसे मात्र नोव्हेंबरच्या आधीच घेतले. लोक जातायत, ठसे दिसतायत. आपणही जावं, कोण अडवतंय?"

मी सिम्को काउंटीत राहतो आणि सहा हिवाळे इथल्या एका स्नोमोबिल क्लबात स्वयंसेवक म्हणून काम करतो. स्नोमोबिल म्हणजे पुढे स्कीज आणि खाली फिरणारा पट्टा असलेली, पडलेल्या बर्फावरून चालणारी गाडी; ट्रेल म्हणजे क्लबानं तिच्यासाठी आखलेली वाट, ग्रूमर म्हणजे ती वाट सपाट करणारं यंत्र, आणि परमिट म्हणजे त्या वाटेवर गाडी चालवायचा परवाना. काम म्हणजे ऑक्टोबरात करवत घेऊन पडलेली झाडं कापायची, पाट्या ठोकायच्या, ओढ्यांवरचे लाकडी पूल तपासायचे. हा मजकूर पाठवणाऱ्यांवर माझा राग नाही. पण त्यातलं शेवटचं वाक्य वाचून कुणी खरंच निघालं तर काय होऊ शकतं, हे मला माहीत आहे. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

आधी शब्दाचा घोळ सोडवायला हवा. आपण मराठीत आकाशातून पडतो त्यालाही बर्फ म्हणतो आणि तळं गोठून होतो त्यालाही बर्फच. इथे मात्र सगळा प्रश्न या दोघांतल्या फरकाचा आहे. म्हणून या लेखात वरून पडतो तो स्नो, आणि पाणी गोठून होतो तो बर्फ.

"फूटभर पडलाय." हो, पडलाय. पण तो कशावर पडलाय?

ट्रेल म्हणजे स्नोचा थर, अशी आपली समजूत असते. खरं तर ट्रेल म्हणजे त्या थराखालची गोठलेली जमीन. ओंटारियोचे ट्रेल सलग डांबरी रस्त्यासारखे नाहीत. शेताच्या कडेने जातात, जंगलात शिरतात, मध्येच दलदल लागते, ओढा लागतो, मग तळं. यातली दलदल आणि पाणथळ जागा गोठली नाही, तर वर कितीही स्नो असला तरी खाली चिखलच असतो.

आणि लवकर पडलेला स्नो ही दलदल गोठू देत नाही. ही गोष्ट ऐकायला उलटी वाटते, मलाही पहिल्या वर्षी पटली नव्हती. ताज्या, भुसभुशीत स्नोमध्ये बहुतेक जागा हवेनं भरलेली असते, म्हणून तो गोधडीचं काम करतो. घट्ट बर्फाच्या तुलनेत त्यातून उष्णता साधारण चाळीसपट हळू बाहेर जाते. म्हणजे १० सेंटीमीटर ताजा स्नो खालची ऊब जवळपास ४ मीटर जाड बर्फाइतकी धरून ठेवतो. नोव्हेंबरात आठ-दहा दिवस कोरडी, कडक थंडी पडली आणि मग स्नो आला, तर जमीन तोपर्यंत टणक झालेली असते. स्नो आधी आला, तर वर हवेत उणे १० असलं तरी गोधडीखालची दलदल कित्येक आठवडे मऊच राहते. म्हणूनच क्लबातली जुनी माणसं नोव्हेंबरात स्नोची नाही, थंडीची वाट बघतात.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट आहे. बॅरीपासून मस्कोकापर्यंत डिसेंबरात जो जोराचा स्नो येतो, तो बराचसा सरोवरांमुळे येतो. ह्युरॉन सरोवर आणि जॉर्जियन बे यांचं पाणी तेव्हा अजून उघडं आणि हवेपेक्षा उबदार असतं. थंड वारा त्यावरून येताना बाष्प उचलतो आणि किनाऱ्यापासून आत पट्ट्यापट्ट्यांत रिता होतो. सरोवर गोठलं की हा प्रकार मंदावतो. म्हणजे ज्या ढिगाकडे बोट दाखवून आपण 'ट्रेल उघडा' म्हणतो, तो पडला मुळात पाणी अजून गोठलेलं नाही म्हणून.

२०२४ च्या नोव्हेंबरअखेरीचं मस्कोका आठवा. तिथल्या ग्रेवनहर्स्ट गावात तीन-चार दिवसांत मीटरभराहून जास्त स्नो पडला. हायवे ११ बंद झाला, आणीबाणी जाहीर झाली, हजारो घरांची वीज गेली. एवढा स्नो असूनही दुसऱ्या दिवशी ट्रेल उघडणं शक्य नव्हतं. तो स्नो ओला आणि जड होता, त्याच्या वजनानं झाडं आणि फांद्या मोडून पडल्या. जंगलातल्या अरुंद ट्रेलवर आडवं पडलेलं झाड वरून स्नोनं झाकलं गेलं की दिसत नाही, आणि ते ताशी ५० किलोमीटरच्या वेगात समोर येतं. ते काढायला माणसं पायी किंवा हलक्या गाडीवर आत जातात, तीही शनिवार-रविवारी, कारण बाकीचे दिवस त्यांना नोकऱ्या असतात.

तळ्यांचं गणित तर आणखी नाजूक. कॅनडाच्या रेड क्रॉसचा जुना आणि साधा नियम असा: एकट्यानं चालायला १५ सेंटीमीटर, घोळक्यानं स्केटिंग करायला २०, आणि स्नोमोबिलला २५ सेंटीमीटर बर्फ हवा. तोही स्वच्छ, निळसर. स्नोच्या वजनानं पातळ बर्फ दबतो, भेगांतून पाणी वर येतं, स्नो भिजतो आणि तो लगदा गोठून पांढरा बर्फ तयार होतो. त्याची ताकद साधारण निम्मी धरतात, म्हणजे जाडी दुप्पट हवी. तळ्याच्या चिंचोळ्या भागात आतून प्रवाह असतो, तिथे त्याच दिवशी, पन्नास पावलांवर, बर्फ निम्मासुद्धा नसतो. आणि वरून सगळं सारखंच पांढरं दिसतं. आमचे लोक जागोजागी भोक पाडून जाडी मोजतात, मग खांब रोवून वाट आखतात. खांब नसलेल्या तळ्यावर जाणारा माणूस ही मोजणी न करताच जातो.

"ग्रूमर शेडमध्ये उभे आहेत." उभे आहेत हे खरं. ग्रूमर म्हणजे रणगाड्यासारखे पट्टे असलेलं यंत्र, मागे लांबलचक ड्रॅग, जो उंचवटे कापून खड्डे भरत जातो. वजन कित्येक टन. गोठलेल्या दलदलीवरून तो डौलात जातो, न गोठलेल्या दलदलीत रुततो. रुतलेला ग्रूमर बाहेर काढणं हे एका दिवसाचं काम नाही, आणि त्यात यंत्र मोडलं तर सगळा हंगाम जातो, कारण लहान क्लबाकडे दुसरं यंत्र नसतं.

शिवाय फूटभर स्नो हा ग्रूमरच्या दृष्टीनं फूटभर नसतोच. ताजा स्नो दाबून ट्रेलसारखा घट्ट केला की ४० सेंटीमीटरचे जेमतेम १० उरतात. खाली दगड, बुंधे, नांगरट असेल तर तेवढ्यात ड्रॅगची पाती तुटतात. दाबल्यानंतरही लगेच गाड्या सोडता येत नाहीत. कण एकमेकांना धरून कडक व्हायला थंडीतले काही तास, शक्यतो एक रात्र लागते. घराचा स्लॅब ओतला की त्याच संध्याकाळी त्यावर कुणी सामान चढवत नाही, तसंच.

आणि शेडबाहेर काम चालू नसतं, असंही नाही. स्नो लवकर पडला तर काही ठिकाणी आम्ही हलक्या गाड्यांनी पाणथळ जागांवरचा स्नो दाबत फिरतो. दाबला की हवा निघून जाते, गोधडी पातळ होते आणि थंडी खाली उतरते. हे काम कुणाला दिसत नाही. नकाशावर ट्रेल तेव्हाही लालच, म्हणजे बंदच, असतो.

"भार माणसाच्या पावलापेक्षा कमी." या मुद्द्यात तथ्य आहे. स्नोमोबिलचं वजन तिच्या रुंद पट्ट्यावर आणि स्कीजवर पसरतं, त्यामुळे पुरेशा स्नोवर जमिनीला खरोखरच कमी दाब पोचतो. पण स्नो पातळ असेल तर दाब बाजूला राहतो आणि फिरणारा पट्टाच जमीन खरवडतो. चढावर, वळणावर, जोर दिला की माती उडते. एक गाडी गेली तर ओरखडा, शंभर गेल्या तर चाकोरी. आणि त्या चाकोरीखाली बहुतेकदा कुणाचं तरी पीक असतं. दक्षिण ओंटारियोत हिवाळी गहू सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. डिसेंबरात तो बोटभर उगवून स्नोखाली झोपलेला असतो. त्यावरून गाड्या गेल्या की स्नो दबून बर्फाचा पापुद्रा होतो, रोपाची ऊबही जाते आणि हवाही.

माझे बाबा सांगली जिल्ह्यातले, आयुष्यभर शेती केलेले. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात इथे आले होते. ट्रेल का बंद, हे मी त्यांना थंडी, दलदल, स्नो असं सगळं लावून समजावत होतो. त्यांनी मध्येच थांबवलं. म्हणाले, "एवढं कशाला सांगतोस? वाफसा आला नाही म्हण की." ज्यानं पावसानंतर वाफसा यायच्या आत काळ्या रानात ट्रॅक्टर घालून पाहिलाय, त्याला वेगळं समजवावं लागत नाही. तिथे जमीन वाळायची वाट बघायची, इथे गोठायची.

आता मजकुरात नसलेला, पण माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा. ही जमीन आपली नाही. क्लबाचीही नाही.

ओंटारियोत स्नोमोबिल क्लबांच्या महासंघाचं सुमारे ३० हजार किलोमीटरचं जाळं आहे. त्यातला मोठा भाग खाजगी जमिनींवरून जातो. त्या मालकांनी भाडं न घेता, फक्त हिवाळ्यापुरती, लेखी परवानगी दिलेली असते. आपल्याकडे वहिवाट असते. बापजाद्यांपासून गाडी जात असेल आणि कुणी बांध आडवा घातला तर मामलेदाराकडे दाद मागता येते. इथे तसं काही नाही. ही वहिवाट नव्हे, मेहरबानी आहे, आणि मालकाला ती कधीही काढून घेता येते. त्यानं घातलेल्या अटी साध्या असतात. उभा मका निघेपर्यंत नको. हरणाच्या शिकारीच्या दिवसांत नको, जो काळ काही भागांत डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत येतो आणि तेव्हा रानात बंदूक घेतलेली माणसं असतात. जमीन गोठल्याशिवाय नको. वीस मालकांपैकी एकाची अट पुरी झाली नसेल तर साखळीची एक कडी तुटते आणि बाकीचे एकोणीस तयार असूनही तो पट्टा लाल राहतो.

महासंघाच्या नकाशावर लाल म्हणजे बंद, पिवळा म्हणजे मर्यादित, हिरवा म्हणजे खुला. लाल पट्ट्यावर गाडी घालणं म्हणजे परमिट खिशात असतानाही दुसऱ्याच्या जमिनीत घुसणं. 'कोण अडवतंय' याचं उत्तर कायद्यात आहे: ओंटारियोच्या अतिक्रमणविषयक कायद्यात दंडाची कमाल मर्यादा २०१६ साली २ हजार डॉलरवरून १० हजारांवर नेली.

"कोक्रेनला चालू झाले." कोक्रेन त्याच हायवे ११ वर असलं तरी टोरांटोपासून सातशे किलोमीटर उत्तरेला आहे. तिथे थंडी आधी येते, जमीन आधी गोठते. कोकणात पाऊस झाला म्हणून पुण्यात पेरणी का नाही, असं कुणी विचारत नाही.

"परमिटचे पैसे आधीच घेतले." १ नोव्हेंबरच्या आधी परमिट स्वस्त मिळतं, म्हणून आपण ते तेव्हा घेतो. त्या पैशातून इंधन, यंत्रांची दुरुस्ती, पूल आणि विमा भागतो. विमा नसेल तर एकही मालक जमीन देणार नाही. हंगाम आखूड झाला की वाईट वाटतं, मलाही वाटतं. पण अर्धवट गोठलेला ट्रेल डिसेंबरात उघडला तर तो जानेवारीत फाटलेला असतो, आणि तेव्हा तो दुरुस्त करायला लागणारे पैसे याच परमिटमधून जातात.

राहिले ठसे. चार हिवाळ्यांपूर्वी आमच्या भागात असेच ठसे होते, एका गव्हाच्या शेतातून सरळ आरपार. ट्रेल लाल होता. पहिला कोण गेला कळलं नाही, पण त्याच्या मागून तीस-चाळीस गाड्या गेल्या असाव्यात, कारण प्रत्येकाला वाटलं की ठसे आहेत म्हणजे वाट चालू आहे. एप्रिलमध्ये स्नो उतरला तेव्हा हिरव्या शेतात दोन तपकिरी पट्टे उघडे पडले. मालकानं आम्हाला बोलावून ते दाखवले, आवाजही चढवला नाही. त्या ऑक्टोबरात त्यानं कागदावर सही केली नाही. त्याच्या एका शेतासाठी वाट अकरा किलोमीटर फिरवावी लागली, निम्मी रस्त्याच्या कडेनं. दोन उन्हाळे आम्ही त्याच्याकडे जात राहिलो. बांधाकडेचे दगड उचलून दिले, कुंपण नीट केलं.

गेल्या ऑक्टोबरात त्यानं पुन्हा सही केली. एकच अट घातली: जमीन टणक झाली की तो स्वतः फोन करील, तोपर्यंत एकही गाडी नाही. आज सकाळी बाहेर उणे ६ आहे, माझ्या अंगणात गुडघाभर स्नो आहे आणि त्याचा फोन अजून आलेला नाही.