गाण्यासोबत गावाचं नावही लिहा

गावाकडच्या मित्रांमध्ये दर दिवाळीला एकच वाद पेटतो. मोबाईलनं पोरांचा कान बिघडवला, मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्या जत्रेत, दंडारीच्या नाचगाण्यापुढं कोणी थांबत नाही, यूट्यूब जे पुढं करेल तेच पोरं ऐकतात. स्वीडनच्या स्टॉकहोममध्ये बसून हे वाचताना मला ते अर्धंच पटतं.

आधी तरी आपण कुठं निवडत होतो? आमच्या साकोली-लाखांदूरकडे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, नवं गाणं कानावर पडायचं ते लग्नाच्या भोंग्यातून, नागपूर आकाशवाणीवरून, नाहीतर झाडीपट्टीच्या नाटकातल्या लावणीतून. पचमढीला महादेवाला गेलेली माणसं वाटेतली गाणी घेऊन परतायची. पुढं मोबाईलच्या दुकानात थोडक्या पैशांत मेमरी कार्ड भरून मिळू लागलं. दुकानदाराची आवड साऱ्या गावाला पाठ व्हायची. निवड तेव्हाही दुसऱ्याचीच होती, पण तो दुसरा ओळखीचा होता. खंजेरीवर भजन म्हणणारा कोणत्या गावचा, कोणत्या मंडळातला, हे लहान पोरही सांगायचं.

ही ओळख हरवली, याचं मला खरं दुःख आहे. गाणी ऐकवणारं स्पॉटिफाय ॲप याच स्टॉकहोमचं, 2008 मध्ये सुरू झालेलं. इथली पोरंही त्यावरच गाणी शोधतात. तरी इथल्या लोकवादकांची एक रीत टिकून आहे: चाल वाजवण्याआधी ती कोणत्या वादकाची, कुठली, हे सांगायचं. निकेलहार्पा हे इथलं पट्ट्यांचं तंतुवाद्य वाजवणारा ब्युस-काल्ले 1847 मध्ये वारला. त्याच्या चाली आजही त्याच्याच नावानं वाजतात. जुनी गाणी गोळा करून जपणारं अभिलेखागार इथं 1951 पासून आहे.

आणि मी इथून 'दंडार' शोधतो तेव्हा? व्हिडिओ मिळतात, पण कितीतरींवर फक्त 'सुपरहिट' आणि 'धमाका'. गाणारा कोण, गाव कोणतं, काहीच नाही. आवडला तरी त्याचं दुसरं गाणं शोधायचं कसं? जे लिहिलंच नाही ते यंत्राला तरी कुठून सापडणार!

म्हणून पोरांना फोन ठेवायला सांगू नका. यंदाच्या मंडईत त्यांनाच व्हिडिओ काढू द्या. गाणाऱ्याची परवानगी घ्या. त्याचं, ढोलकीवाल्याचं, गावाचं नि तालुक्याचं नाव, गाण्याची पहिली ओळ, सगळं मराठीत खाली लिहा. गाणं कोणाकडून शिकला, हेही त्याला विचारा आणि तेही नाव लिहा.