पाळीवर पेवर ब्लॉक

आज सकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर गेलो आणि डोकंच फिरलं. अर्ध्या पाळीवर लाल-पिवळे पेवर ब्लॉक, बाजूला दिव्यांचे खांब आडवे टाकलेले, तोंडाशी कमानीचे खड्डे. म्हणे 'निसर्ग पायवाट' होणार. अरे, पायवाट होतीच ना तिथं! ना चढ, ना उतार. गावातल्या म्हाताऱ्या डोक्यावर भारा घेऊन चालायच्या तिच्यावरून.

मी सातेक वर्षांचा असेन. धानाच्या रोवणीचे दिवस. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, पहाटे मला पाळीवरून बांधीकडे, आमच्या धानाच्या शेताकडे नेत होते. तुडुमाजवळ, तलावाचं पाणी सोडायच्या तोंडाशी, त्यांनी माझा खांदा दाबला. समोरच्या बांधीत सारसाची जोडी, माझ्याहून उंच. म्हटलं, हाकलू का? "नोको. त्यायनं घर केलं तिथं. आपून बाजूनं रोवू." आणि खरंच तेवढा तुकडा सोडून आमची रोवणी झाली.

हे तलाव गोंडराजांच्या काळात कोहळी समाजानं बांधले. 1951 ला मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी गेली, तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून गाळ काढायला पैसा नसतो. ब्लॉकला बरा निघतो! काठची बेशरमची झुडपं तशीच माजलीत, त्यांना कोणी हात लावत नाही.

हो, पावसात पाळीवर चिखल होतो, काकूचा गुडघा दुखतो, मान्य. मग दोन बाकडी टाका ना. रात्रभर जळणारे दिवे कोणाच्या गुडघ्यासाठी?

आणि तारा! महाराष्ट्रात सारस उरलाय तो जवळजवळ फक्त आपल्या गोंदिया-भंडाऱ्यात. विजेच्या तारांना धडकून मरतो तो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पाऊस तोंडावर आलाय. आता जोड्या घरट्यासाठी काड्या गोळा करतील, दोन अंडी घालतील, नर-मादी पाळीपाळीनं महिनाभर उबवतील. नेमकी आत्ताच तुम्हाला नवी लाइन ओढायचीय. आबाजी असते तर खांबालाच मिठी मारून बसले असते.

भांडायलाच गेलो होतो. पण ब्लॉक बसवणारा पोरगा शेजारच्या टोलीवरचा, म्हणजे वस्तीवरचा निघाला, अठरा-एकोणीसचा. त्याला काय बोलणार? तोच म्हणाला, "दादा, सारस खरंच माणसाएवढा असते का जी?" त्यानं कधी पाहिलाच नव्हता. तलावाच्या काठी जन्मून!

मग ब्लॉकांच्या ढिगावर बसून त्याला आबाजींची गोष्ट सांगितली. ऐकून त्याचा पहिला प्रश्न, "मंग तेवढ्या जागेचं धान?"

नाही झालं.

"घरी कोनी काही बोललं नाही?"

आजी बोलली ना. रोवणीपासून बोलायला लागली, ती दिवाळीपर्यंत बोलतच होती.