बाजूला टॉवर होऊन राहिला? कुणालाही त्रास न देता विरोध कसा करावा

नागपुरात धरमपेठ, रामदासपेठ, बजाजनगर, लक्ष्मीनगर, कुठेही राहत असा, एक दिवस शेजारचा बंगला हिरव्या जाळीत जाणार आहे. त्या दिवशी भडकू नका. पाचव्या मजल्याचा स्लॅब पडेपर्यंत थांबा. त्याआधी केलेला विरोध उगाच कामी येण्याचा धोका असतो.

जाळी लागल्याबरोबर काही विघ्नसंतोषी लोक महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर जातात. प्लॉट 500 चौरस मीटरपेक्षा मोठा आणि फ्लॅट आठपेक्षा जास्त असले की नोंदणी सक्तीची असते, आणि मंजूर नकाशापासून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्रापर्यंतचे कागद घरबसल्या बघता येतात. तुम्ही तिकडे फिरकू नका. प्रकल्प छोटा असेल तर माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचा अर्ज करता येतो, तोही टाळा. नकाशा हातात आला की माणूस मीटरमध्ये बोलायला लागतो आणि समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. त्यापेक्षा 'आमच्या एरियाची वाट लावून राहिले' एवढंच म्हणा. यावर कुणाकडे उत्तर नसतं, त्यामुळे कुणी देतही नाही.

घरात मोजपट्टी असेल तर ती लपवून ठेवा. डिसेंबर 2020 मध्ये यूडीसीपीआर ही राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आली, तेव्हापासून किती बांधता येईल हे मुख्यतः समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. दाट वस्तीचा, म्हणजे महाल-इतवारीकडचा तक्ता वेगळा आहे. बाकी भागात रस्ता 9 मीटरपेक्षा कमी असेल तर मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) 1.10, आणि तिथेच गाडी थांबते. 9 मीटर भरला की त्यावर पैसे भरून मिळणारा प्रीमियम 0.50, टीडीआर 0.40, एकूण 2.00. (टीडीआर म्हणजे दुसरीकडे रस्त्या-बगिच्यासाठी गेलेल्या जमिनीचा मोबदला. तो तुमच्या गल्लीत मजले होऊन उतरतो.) दोन्हीकडे त्यावर निवासी इमारतीला 60 टक्क्यांपर्यंत अॅन्सिलरी, म्हणजे जिना-बाल्कनी वगैरेंसाठीचा जादा एफएसआय. आता 5,000 चौरस फुटांचा प्लॉट घ्या. 9 मीटरच्या रस्त्यावर 16,000 चौरस फूट उभे राहतात, 8.90 मीटरच्या रस्त्यावर 8,800. मधल्या 7,200 चौरस फुटांचा निकाल दहा सेंटिमीटर लावतात. म्हणून नकाशावर '9.00 मी. रुंद रस्ता' लिहिलेलं असेल तर त्यावर विश्वास ठेवा. रस्ता प्रत्यक्ष मोजायला आणि मंजूर ले-आउटच्या नकाशाशी ताडून बघायला जाऊ नका. सकाळी फिरायला जाता, तेवढं पुरे.

जोत्याच्या वेळी तर गावाला निघून जा. जोतं झालं की इमारत जमिनीवर आखून मिळालेली असते. कुंपणापासून भिंतीपर्यंतचं सामासिक अंतर तेव्हा दोन माणसांना दहा मिनिटांत मोजता येतं, आणि चूक निघाली तर चार विटा काढून दुरुस्त होते. जोते तपासणीच्या आधी लेखी तक्रार गेली तर तपासणाऱ्यालाही मोजावं लागतं. सातवा मजला चढल्यावर तीच चूक 'आता काय करता, लोकांनी बुकिंग केलं' अशी होते. मग एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम 53 ची अनधिकृत बांधकामाची नोटीस निघेल, तुम्ही पेढे वाटाल. बिल्डर कलम 44 खाली बांधकाम कायम ठेवण्याचा अर्ज टाकेल आणि त्याचा निकाल लागेपर्यंत नोटीस गार. पेढे मात्र तुमच्या पैशाचे.

विरोध सामूहिकच हवा. आधी व्हॉट्सअॅप ग्रुप, मग कृती समिती, मग अध्यक्ष कोण यावरून दुसरी कृती समिती. दोन्हींनी एकाच निवेदनाच्या झेरॉक्सवर सह्या घ्याव्यात. आरक्षण किंवा जमीन वापर बदलायचा असेल तर कलम 37 खाली जाहीर सूचना निघते आणि हरकतींना एक महिना मिळतो. सुनावणी लेखी हरकत देणाऱ्यांची होते, म्हणून लेखी देऊ नका. दिलीच, तर खसरा क्रमांक, कलम, मीटर असलं काही लिहू नका आणि आवक क्रमांक घेऊन पोच तर मुळीच मागू नका. पोच असली की अर्ज हरवत नाही.

झाडांना एवढाही वेळ नसतो. तोडण्याची सूचना बुंध्यावर लागते, वर्तमानपत्रात येते, हरकतीला सात दिवस. अजनीवनातली झाडं प्रकल्पासाठी तोडायला निघाले त्या वेळी काही लोकांनी अशा सूचना खरंच वाचल्या आणि केवढा गहजब झाला!

पाणी आणि गडर लाइनचा, म्हणजे सांडपाण्याच्या नळाचा, विषय काढू नका, तो हिशोबाचा आहे. एका बंगल्याच्या जागी बारा फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी 135 लिटर, म्हणजे रोजचे 6,480 लिटर. त्यातलं 80 टक्के, पाच हजारांवर लिटर, बंगल्यांच्या हिशोबाने टाकलेल्या गडर लाइनमध्ये. लाइन चोक झाली की पाणी टॉवरच्या सातव्या मजल्यावर चढत नाही, गल्लीतलं सर्वांत खालचं चेंबर शोधतं. ते बहुधा तुमच्याच अंगणात आहे, कारण सिमेंट रोडने गल्ली आधीच तुमच्या गेटपेक्षा उंच केली आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या लोकांनी हे बघितलं. नंतर तलावाच्या सांडव्यासमोरच्या पुतळ्याने पाणी अडलं का, यावर भरपूर चर्चा झाली. तुम्हीही पुतळ्यावरच बोला, त्यात मोजायचं काही नाही.

नगरसेवकाला भेटून यायला हरकत नाही, चहा मिळतो. मार्च 2022 मध्ये महापालिकेवर प्रशासक आल्यावर 'माझ्या हातात काय आहे' हे त्यांना खरंखरं म्हणता येऊ लागलं होतं.

एवढं सगळं करून टॉवर झालाच, तर खिडकीत उभं राहून मजले मोजत बसू नका. त्याच बिल्डरला चहाला बोलवा. तुमचा प्लॉट त्याने आधीच बघून ठेवलेला असतो. तुमच्या वाट्याला किती फ्लॅट, दोन पार्किंग, काम होईपर्यंतचं भाडं आणि टेरेसचा हक्क कुणाचा, हे मात्र करारात नीट लिहून घ्या, दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. इथे कलम, मीटर, पोच सगळं चालतं. मेट्रो 500 मीटरच्या आत असेल तर एफएसआय 4 पर्यंत जाऊ शकतो, हे बिल्डर आपणहून सांगणार नाही, तुम्ही विचारा. कृती समितीचा राजीनामा करार नोंदवून झाल्यावर द्या. आणि पलीकडच्या काकू तक्रार घेऊन आल्या तर त्यांना सांगा, काकू, आत्ताच कशाला, पाचवा स्लॅब तर पडू द्या.